आईच्या दिव्यासाठी ओढा

अंबरनाथला ताईच्या क्वार्टरमध्ये राहून आई बदलापूरला आमच्या बिनविजेच्या घरी परतली, ती विजेचं कौतुक करीतच. "बटण दाबलं की लख्ख! जावईबापूंनी पंखासुद्धा लावून दाखवला." भावोजी तिथल्या कारखान्यात अधिकारी होते. माणूस सज्जन, माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. तरी आईच्या तोंडचा प्रत्येक 'जावईबापू' मला टोचायचा. घरातला पहिला पदवीधर मी. वडिलांनी भातशेतीवर मला बी.एस्सी. केलं, ते उपकार मी विसरलो नव्हतो. म्हणूनच आईला उजेड दाखवावा तो मीच, असं वाटे.

घरामागच्या ओढ्याला एका जागी पुरुषभर उतार होता. तिथे लाकडी चाक बसवायचं, पट्ट्याने त्याला लॉरीचा जुना डायनामो जोडायचा आणि स्वयंपाकघरात एक दिवा लावायचा, असं मी ठरवलं. डायनामो उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंधी भंगारवाल्याकडे पाहून ठेवला.

"बिजलीघर खोलेगा क्या, साईं?" तो हसला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी वडिलांबरोबर मी शेताचे बांध फोडले. दुपारी ओढ्यात फळी आडवी घातली, पन्हळीतून पाणी डब्यात सोडलं आणि डबा भरायला किती वेळ लागतो ते पाहिलं. पाणी हवं त्याहून जास्तच निघालं.

दसऱ्याला ताई-भावोजी आले. आराखडा मी वडिलांपुढे ठेवला. त्यांनी तो पाहिला आणि सरळ भावोजींकडे सरकवला.

"जावईबापू, तुम्ही सांगा. व्हईल का?"

माझी कानशिलं तापली. भावोजींनी आकडेमोड नीट तपासली. "अगदी बरोबर आहे, मामा. मलाही इतकं जमलं नसतं."

"मंग आणू डायनामो," वडील लगेच म्हणाले.

मी महिनाभर सांगत होतो तेव्हा नुसतं 'बघू' होतं. स्तुती माझी झाली, पण विश्वास भावोजींच्या शब्दावर बसला. जेवताना पहिली पोळी त्यांच्या पानात पडली, तीही माझ्या नजरेतून सुटली नाही.

जेवण झाल्यावर वडील त्यांना पिकाचं सांगत बसले. "कालच साऱ्या गावानं बांध फोडले. भात पिकलं की खाचरातलं पाणी सोडायचं, म्हंजे कापणीला पाय रुतत नाय."

माझा हात सुपारीवरच थांबला. काल मी मोजलं ते ओढ्याचं पाणी नव्हतंच. गावभरच्या खाचरांचं पाणी ओढ्यात उतरत होतं, आणि त्यात आमचंही होतं. ते सरलं की चाक हलण्याइतकी धार राहणार नव्हती. गप्प राहिलो असतो तर चूक भावोजींच्याही माथी गेली असती. हा विचार मला गोड वाटला. पण डायनामोचे पैसे जाणार होते वडिलांचे.

"बाबा, आणू नका. माझं मोजमाप चुकलं," मी म्हणालो आणि कारण सांगितलं.

"अरेरे, हे माझ्याही ध्यानात आलं नाही!" भावोजी म्हणाले.

वडील उठले, पायात वहाणा सरकवल्या.

"वरच्या अंगाला झरा हाय. तिथं शेताचं पाणी येत नाय. चल, मोजू."

भावोजीही उठू लागले.

"तुम्ही बसा जावईबापू, पडा जरा," वडील म्हणाले. "आम्ही दोघं येतो जाऊन."

फळी खांद्यावर घेऊन मी त्यांच्या मागे निघालो. भावोजींनी ते 'आम्ही दोघं' ऐकलं की नाही, हे पाहायला एकदा मागे वळलोच.