ओळख न देणाऱ्या कर्णिक मॅडम

कर्णिक मॅडम गोळ्या बशीत मोजायच्या. चहाची, काठाला निळी रेघ असलेली पांढरी बशी. सरकारी हॉस्पिटलच्या एआरटी सेंटरमध्ये, औषधांच्या खिडकीमागे त्या बसायच्या. दर महिन्याला आपण आपली बाटली न्यायची, उरलेल्या गोळ्या त्या बशीत ओतायच्या, पेनाच्या टोपणाने दोन-दोन करत बाजूला सरकवायच्या. मोजताना ओठ हलायचे नाहीत. मागे चाळीस माणसं उभी असोत नाहीतर चारशे, बाईंचा वेग तोच. कुणी कुरकुरलं तर मान वर न करता म्हणायच्या, "घाई असेल त्यांनी आजारी पडायचं नाही."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा अकरा वर्षांची होते. मामा बरोबर होता. आई-बाबा गेल्यापासून मी डोंबिवलीजवळच्या कोपरला मामा-मामीकडेच वाढले. मामाने मला सांगितलेलं, शक्तीच्या गोळ्या आहेत, तू अशक्त आहेस ना. मी बिनधास्त खिडकीत डोकं घालून विचारलं, "याने उंची पण वाढते का?" मॅडमनी आधी मामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "वेळेवर घेतलीस तर वाढायला तू शिल्लक राहशील. बाकीचं तुझ्या हाडांनी बघावं." मामाचा चेहरा पडला. मला मात्र बाई भयंकर आवडल्या. कारण घरात माझ्याशी सगळे फार हळू बोलायचे.

घराबद्दल उगाच वाईट सांगणार नाही. मामीने मला कधी उपाशी ठेवलं नाही की हात उगारला नाही. फक्त माझं ताट वेगळं घासायची, आणि बाटली आली की तिच्यावरचं लेबल गरम पाण्यात बुडवून खरवडून काढायची. शेजारच्या काकूंनी विचारलं तर "थायरॉइडचं आहे तिला". इतक्या वेळा थायरॉइड ऐकलं की माझाही विश्वास बसलेला.

दहावीत एकदा लेबल नीट निघालं नाही. अर्धं नाव राहिलं. ते मी मैत्रिणीच्या मोबाइलवर शोधलं, शाळेच्या जिन्यात उभी राहून, आणि दोनदा वाचलं. मैत्रिणीला म्हटलं, स्पेलिंग चुकलं बहुतेक. घरी येऊन मामाला विचारलं, "मामा, मला एड्स आहे?" मामाने टीव्हीचा आवाज वाढवला. खरंच वाढवला. तो रडत होता हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच कळलं की या घरात या विषयावर माझ्याशी कुणीही बोलणार नाही. आणि घराबाहेर मी कुणाशीही बोलू शकणार नाही.

मग मी गोळ्या बंद केल्या. पंधरा वर्षांच्या डोक्याला काय, गोळी नाही तर आजारही नाही! सेंटरला जायच्या आदल्या दिवशी हिशोब करून दोन गोळ्या ठेवायच्या आणि बाकीच्या खाडीकडच्या नाल्यात. बाटलीत तीस असायच्या, अठ्ठावीस दिवसांनी बोलवायचे, म्हणजे दोन उरायला हव्यात. तीन महिने बशीत बरोब्बर दोन गोळ्या पडल्या. मामा बाहेर बाकावर बसून असायचा. तिसऱ्या महिन्यात मॅडम म्हणाल्या, "वा, तुझी तर आरतीच ओवाळायला हवी." मला वाटलं कौतुक आहे.

त्याच सुमाराला औषधांचा साठा कमी पडला होता. बंद बाटल्यांऐवजी सुट्या गोळ्या कागदी पाकिटात मिळायच्या. चौथ्या महिन्यात मी ते पाकीट बशीत उलटं केलं. दोन. मॅडमनी टोपण खाली ठेवलं, खिडकीची फळी ओढली आणि मला मागच्या खोलीत बोलावलं. बाहेर रांगेने बोंब मारली.

"पाकिटात किती होत्या?"

"तीस."

"तेहतीस होत्या. मी मुद्दाम घातलेल्या. टंचाईत तीन गोळ्या तुझ्यावर लावल्या. आता बशीत किती असायला हव्या होत्या?"

मी बोटांवर मोजायला लागले.

"पाच. घेणारा माणूस पाकीट उघडतो, गोळ्या बघतो, म्हणतो मॅडम, जास्त आल्यात. टाकणारा मोजत नाही." आवाज जराही चढला नव्हता. "दहावीतली मुलगी एकही दिवस चुकत नाही, असं मी इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही. खोटं मला सांग, मी ऐकून घेईन. रक्ताला सांगू नकोस. ते ऐकत नाही."

मी ओरडले, "मग मला खरं कोण सांगणार? सगळे मला येडी समजतात!"

मॅडमनी स्टूल ओढलं, माझ्यासमोर बसल्या आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "तुला एचआयव्ही आहे. जन्मताना आईकडून आला. तिलाही माहीत नव्हतं. तिची चूक नाही, तुझी तर नाहीच नाही. गोळी घेतलीस तर म्हातारी होशील, माझ्यासारखी खडूस होशील. नाही घेतलीस तर मी तुझं कार्ड कपाटात वेगळ्या गठ्ठ्यात ठेवीन. तो गठ्ठा मला आवडत नाही."

तो शब्द कुणीतरी माझ्या तोंडावर, तोंड न फिरवता, पहिल्यांदाच उच्चारला होता. मी ढसाढसा रडले. त्यांनी पाठीवरून हात वगैरे काही फिरवला नाही. रडणं संपेपर्यंत समोर बसून राहिल्या, आणि मग माझ्या रक्ताच्या तपासणीचा कागद भरला. विषाणू वाढलेच होते. औषध बदलावं लागलं, वर्षभर दर आठवड्याला खेटे घालावे लागले. ते खेटे मला आवडायला लागले, हे कुणाला सांगून खरं वाटणार नाही. आठवड्यात ती दहा मिनिटंच अशी असायची की समोरच्या माणसाला माझं सगळं माहीत आहे आणि तरी ते मला "गोळीला मूड नसतो, तुला असला तरी" म्हणून झापतंय.

म्हणूनच डोंबिवलीच्या भाजी मार्केटात त्या दिसल्या तेव्हा मी जवळजवळ पळतच गेले. "मॅडम! ओ मॅडम!" त्या कोथिंबीर निवडत होत्या. वर बघितलं. मी विजेचा खांब असते तर कदाचित जास्त वेळ बघितलं असतं. जुडी पिशवीत टाकली आणि शेजारच्या बाईशी बोलत पुढे निघून गेल्या. मी तिथेच उभी. भाजीवाला म्हणाला, "ताई, घ्यायचंय काय?" माझ्या आयुष्यात जे एक माणूस होतं, तेही गेलं असं वाटलं.

पुढच्या आठवड्यात मी बाटली आपटूनच ठेवली. त्यांनी गोळ्या मोजल्या. मग हळू म्हणाल्या, "माझ्याबरोबर शेजारीण होती. मी कुठे काम करते ते अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. 'ही कोण?' असं तिने विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? मी ज्याला हसून दाखवते, त्याच्या रोगाचं नाव मी सांगून टाकते. म्हणून रस्त्यावर मी कुणाची कुणी नाही."

"पण मला चाललं असतं."

"तुला आज चाललं असतं. उद्या तुझ्या मामीला दाराशी दूध मिळालं नसतं."

मला ते पटलं आणि तरीही राग गेला नाही. दोन्ही एकदम होऊ शकतं. पुढे मी मोठी झाले, मानपाड्याच्या एका कंपनीत तपासणी विभागात लागले, एकटीच सेंटरला जाऊ लागले. तेव्हा कळलं की मॅडमना आमच्यातली कितीतरी पोरं लग्नाच्या पत्रिका आणून द्यायची. औषधांच्या कपाटात वरच्या फळीवर त्या पत्रिकांचा गठ्ठा होता. एकाही लग्नाला त्या गेल्या नाहीत. मी एकदा म्हटलं, "मॅडम, बाहेरगावचं लग्न असेल तर कोण ओळखणार?" म्हणाल्या, "मीच ओळखीन ना. मग तोंड बंद ठेवता येणार नाही." आणि डबा उघडून एकट्या जेवायला बसल्या. त्या रोज एकट्याच जेवायच्या.

गेल्या वर्षी एका सकाळी खिडकीत नवीन मुलगा होता. बशी नव्हती, तो तळहातावर मोजत होता. मी विचारलं, मॅडम रजेवर? तो म्हणाला, "तुम्हाला कळलं नाही? चार दिवस झाले. हार्ट अटॅक." मला कोण कळवणार होतं? मी त्यांची कोण होते?

तरी गेले. डोंबिवली सोडून त्या अलीकडेच टिटवाळ्याला राहायला गेल्या होत्या; तिथल्या नव्या बिल्डिंगींच्या रांगेत पत्ता विचारत विचारत पोचले. हॉलमध्ये सतरंजी, भिंतीशी फोटो. नातेवाईक थोडे. आणि कोपऱ्याकोपऱ्यात सुटी सुटी बसलेली सात-आठ तरुण पोरं. एकेकाला मी ओळखलं. सेंटरच्या बाकावरचे चेहरे. वर्षानुवर्षं रांगेत माझ्या मागेपुढे उभे राहिलेले. त्यांनीही मला ओळखलं, आणि आम्ही सगळ्यांनी सतरंजीकडे नजर लावली. मॅडमनी शिकवलेलं पक्कं होतं.

मॅडमची मुलगी पाणी फिरवत होती. प्रत्येकाला विचारत होती, आईला कसं ओळखायचात? एक जण म्हणाला, "इथेच मागच्या बिल्डिंगमध्ये राहतो." एक मुलगी म्हणाली, "बाजारात भेटायच्या." मॅडमची मुलगी माझ्यापाशी आली, ग्लास दिला आणि विचारायच्या आधीच खाली बसली. थकली होती बिचारी.

"आईच्या नोकरीवरचं कुणीच आलं नाही हो," ती म्हणाली. "कधी कुणाचा फोन नाही, कधी घरी कुणी नाही. आम्ही चिडवायचो तिला, आई, इतकी वर्षं काढलीस, तिथे तुझं एकही माणूस नाही? ती नुसती हसायची. शेवटपर्यंत एकटीच होती ती."

माझ्या ओठांवर मामीचं थायरॉइड आलं होतं. मी गिळलं.

"मी त्यांची पेशंट आहे," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच निघालं. "अकरा वर्षांची असल्यापासून. मला एचआयव्ही आहे. मी जिवंत आहे ती त्यांच्यामुळे."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. एक मावशी पदर सावरून जरा पलीकडे सरकल्या. मुलगी मात्र सरकली नाही. माझा हात धरून तिने विचारलं, "तिथे कशी असायची गं ती?"

मी सांगायला लागले. पोरांनी माना वर केल्या नाहीत, पण अंधार पडेपर्यंत एकही जण उठून गेला नाही.