दिगंबरपंतांची परमुलखातली जागा

बुधवार पेठेत दिगंबरपंत टोणप्यांचं तपकिरीचं दुकान होतं. इंग्रजांशी तह होऊन दोनेक वर्षं झाली होती, पण मुंबईला जायचं म्हणजे परमुलखात जायचं होतं. दस्तक, म्हणजे परवाना, दाखवल्याशिवाय बंदरावर पाऊल ठेवू देत नसत. पंतांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तरी एका दुपारी, गादीवरून न उठता, त्यांनी मुंबईत जागा विकत घेतली.

दत्तोबा नावाच्या दलालानं इंग्रजीत लिहिलेला, लाखेची मोहोर असलेला कागद पुढे ठेवला.

"यात काय लिहिलंय?" पंतांनी विचारलं.

"आपलं नाव."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं जागेबद्दल."

पंतांचं समाधान झालं. घरी मात्र त्यांच्या पत्नीनं, मुक्ताबाईंनी, एवढंच विचारलं, "पुण्यातल्या जागा संपल्या वाटतं?"

"अहो, फिरंगी मुलखात आपली जमीन! पेठेत आहे कोणाची?"

"म्हणूनच विचारते."

दिवाळी झाल्यावर पंत पनवेलहून मचव्यात बसले, वाटभर ओकले आणि मुंबईला उतरले. कागद दाखवत, विचारत विचारत ते एका किनाऱ्यावर आले. समोर पाणीच पाणी. जाळं विणत बसलेल्या एका कोळणीला त्यांनी विचारलं, "बाई, ही जागा कुठे आली?" तिचं नाव बायडाबाई. तिला वाचता येत नव्हतं, पण दत्तोबा तिच्या ओळखीचा निघाला.

"ती काय," तिनं समुद्राकडे बोट दाखवलं. "आता भरती हाय. सांजचा ये, तुजी जमीन वर येल."

जमिनीपेक्षा त्या 'तू'चा धक्का पंतांना जास्त बसला. पुण्यात त्यांना सख्खा भाऊसुद्धा 'आपण' म्हणे.

सांजेला खरंच पाणी ओसरलं आणि जमीन वर आली. काळीशार, चिखलाची, खेकड्यांनी गजबजलेली. पंतांनी धोतर खोचलं आणि दोरी घेऊन मोजणी केली. कागदातल्या आकड्यांचा अर्थ दत्तोबानं सांगितला होता. त्यापेक्षा जागा चार हात जास्तच भरली. पंतांना गहिवरून आलं. दत्तोबाला ते मनातल्या मनात उगाच लबाड म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत नाव नोंदवायला गेले. तिथला कारकून म्हणाला, "परमुलखातल्या मालकानं जागेवर हजर राहून दाखवावं लागतं. परवा दोन प्रहरी आम्ही पाहायला येऊ."

"परवा दोन प्रहरी भरती असेल."

"वेळ साहेबांनी ठरवलेली आहे. भरतीनं सोय पाहावी."

भरतीनं काही ऐकलं नाही. तेव्हा पंत बायडाबाईच्या होडीत बसून, छत्री उघडून, अंदाजानं आपल्या जागेच्या मधोमध थांबले. कारकून किनाऱ्यावरून ओरडला, "आपण आपल्या जागेवर आहात काय?"

"जागेच्या वर आहे!" पंत ओरडले.

"म्हणजे जागेवरच ना?"

पंतांनी थोडा विचार केला. "व्याकरणानं पाहिलं तर हो!"

कारकुनानं 'मालक जागेवर हजर' असा शेरा मारला. किनाऱ्यावर उतरल्यावर बायडाबाईनं जागा खेकडे धरायला मागितली आणि भाडं म्हणून दर महिन्याला टोपलीभर खेकडे देऊ केले. पंत दोन पावलं मागे सरले. शेवटी वर्षाला पाच नारळ ठरले.

पुण्यात बातमी त्यांच्या आधी पोचली होती. "काय पंत, जमीन वाळली का?" असं विचारायला लोक दुकानात येऊ लागले, आणि आलेच आहेत तर तपकीर घेऊन जाऊ लागले. पंत शांतपणे सांगत, "दिवसातून दोनदा वाळते. तुमची एकदाच वाळलेली आहे, त्यात काय मजा?" मग ते दर वर्षी मुंबईला जाऊ लागले. कारण कोणी विचारलं, तर 'जागा बघायला' म्हणत. खरं तर दोन-दोन दिवस ते नुसते पाण्याकडे बघत बसत. मचव्यात ओकणंही पुढे थांबलं.

पाचव्या वर्षी मुक्ताबाई हट्टानं बरोबर आल्या. ओहोटी होती. लुगडं वर धरून त्या चिखलात उतरल्या, घोट्यापर्यंत रुतल्या आणि चारी बाजूंना नीट पाहून पंतांच्या हातातली काठी घेऊन चिखलात रेघा ओढू लागल्या.

"हे काय?" पंतांनी विचारलं.

"घर. ही ओसरी, हे माजघर, हे देवघर. स्वयंपाकघर इथे, पूर्वेला."

"पूर्वेला विहीर यायची आहे."

"एवढा समुद्र असताना विहीर कशाला?"

"खारट पाण्यात वरण शिजवणार आहात का?"

यावर मुक्ताबाईंनी देवघराची जागा बदलली. पंतांनी ती पुन्हा पहिल्या जागी नेली. बायडाबाई होडी घेऊन आली आणि हाका मारू लागली. पाणी ओसरीत शिरलं होतं. दोघं होडीत चढले, पण बोलणं थांबेना. खाली माजघर बुडालं, स्वयंपाकघर बुडालं, आणि वर मुक्ताबाई ठणकावून सांगत होत्या, की काहीही झालं तरी विहीर पूर्वेला येणार नाही.