हिमनदीसमोरची झोप

त्या उन्हाळ्यात माझे यजमान आखातात, मुसफ्फातल्या लोखंडकामाच्या फॅब्रिकेशन शॉपमधून घरी यायचे तेव्हा बूट काढायचंही त्राण नसायचं त्यांच्यात. ताट समोर ठेवलं की डोळे मिटायचे. झोप मात्र लागायची नाही. स्वित्झर्लंडचं ठरवलं ते त्यांनीच. आल्प्समधली सगळ्यात मोठी हिमनदी त्यांना एकदा डोळ्यांनी बघायची होती.

केबल कारमधून वर पोचलो तेव्हा लेकीसकट आम्ही तिघंही दमलो होतो. कठड्याआधीच एक बाक होता. "अगं, जरा टेकतो. तुम्ही व्हा पुढे," म्हणाले. मी आणि लेक कठड्यापाशी गेलो. खाली दोन डोंगरांमधून वळत गेलेली प्रचंड हिमनदी पसरली होती. मला वाटलं होतं तशी पांढरीशुभ्र नव्हती. मळकट राखाडी होती, मधोमध दगडमातीचे काळे पट्टे आणि भेगांमध्ये निळसर रंग. लेकीनं एक दगड उचलला, तर तिथल्या रखवालदारानं हसून तो खाली ठेवायला लावला. हा सगळा भाग राखीव, इथलं काहीच न्यायचं नाही.

त्यांना बोलवायला मागे वळले, तर ते बाकावर मान टाकून झोपले होते. तोंड उघडं, हात मांडीवर सैल पडलेले.

"शुड आय वेक हिम?" लेकीनं विचारलं.

"नको गं. झोपू दे."

मी त्यांच्या अंगावर माझी शाल घातली आणि शेजारी बसून राहिले. हळूहळू ढग वर चढले. आधी समोरचे डोंगर गेले, मग हिमनदी. ते जागे झाले तेव्हा कठड्यापलीकडे नुसता पांढरा धूर होता.

"कुठंय?"

"बाबा, इट वॉज राइट देअर!" लेक रडवेली झाली.

मला वाटलं, आता चिडतील. आम्ही बराच वेळ थांबलो, पण ढग काही हटेनात. शेवटची केबल कार सुटायची वेळ झाली.

"खलास," ते म्हणाले आणि शाल घडी करायला लागले. "उठवलं का नाहीस?"

"अहो, किती दिवसांनी असे झोपला होतात."

त्यांनी घडी केलेली शाल माझ्या हातात दिली. खाली उतरताना म्हणाले, "कशी होती, सांग." मी राखाडी रंग, काळे पट्टे, निळ्या भेगा, आठवेल तसं सांगत गेले. ते खिडकीला डोकं टेकून ऐकत होते. मध्येच त्यांचे डोळे पुन्हा मिटले, आणि मी बोलायची थांबले.