मोहियुद्दीनची खोली

हेमचंद्र सबनीस दर शुक्रवारी पहाटे रियाधच्या अल मलाझ भागातल्या फ्लॅटला कुलूप लावायचा आणि एकटाच दोनशे किलोमीटर गाडी चालवत उशैगर गावी जायचा. त्याची बायको नंदा मुलीच्या कॉलेजसाठी पुण्याला गेली त्याला सहा वर्षं झाली होती. ओलाया भागातल्या बँकेत आठवडा कसाबसा निघायचा, पण सुट्टीचा दिवस खायला उठायचा. म्हणून त्याने कॅमेरा घेतला होता.

उशैगरच्या जुन्या मातीच्या घरांपैकी एका घराने त्याला वेड लावलं होतं. मालक रियाधला असायचे. घर सांभाळायला निजामाबादचा मोहियुद्दीन होता, साठीला टेकलेला. हेमचंद्रची गाडी दिसली की तो किल्ली घेऊन दारात यायचा.

पाहुण्यांना काहवा, म्हणजे अरबी कॉफी, द्यायच्या दालनात भिंतीत उंचावर तीन झरोके होते. साडेनऊला त्यांतून ऊन उतरायचं, चुन्याच्या नक्षीवरून सरकत काजळलेल्या चुलीपाशी यायचं आणि वीस मिनिटांत नाहीसं व्हायचं. हेमचंद्रला दुसरा कुठलाच उजेड चालत नसे. ट्रायपॉडवर कॅमेरा लावून तो दहा-दहा सेकंद शटर उघडं ठेवायचा. आपली सावली पडू नये म्हणून मोहियुद्दीन तेवढा वेळ बाहेर उभा राहायचा.

मार्चमधल्या एका शुक्रवारी तो दाराबाहेरूनच म्हणाला, "साब, एक फोटो हमारा भी निकालो ना. घरवाली कब से बोल रही."

"अगले हफ्ते पक्का, मोहियुद्दीनभाई. अभी रोशनी जा रही है," हेमचंद्र कॅमेऱ्यावरची नजर न काढता म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी बँकेचं काम निघालं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी दार उघडलं ते मालकाच्या पुतण्याने.

"मोहियुद्दीन? खलास, इंडिया," तो म्हणाला. मग इंग्रजीत नीट सांगितलं. त्याला अर्धांगाचा झटका आला होता. दहा दिवस इस्पितळात ठेवून घरी पाठवलं होतं.

त्या दिवशी हेमचंद्रने फोटो काढलेच नाहीत. फ्लॅटवर येऊन त्याने चार वर्षांचे फोटो चाळले. दोन हजारांच्या वर होते. त्यांत मोहियुद्दीन कुठेही नव्हता.

पुतण्याकडून नंबर घेऊन त्याने निजामाबादला फोन लावला. फोन शरफुन्निसाने, मोहियुद्दीनच्या बायकोने उचलला. "उनको बात करना नहीं होता अब," ती म्हणाली. हेमचंद्रने तिला त्या घराचे निवडक फोटो पाठवले. थोड्या वेळाने तिचाच फोन आला.

"इतने बड़े कमरे में रहते थे क्या ये?"

"नहीं. वो मालिक का दीवानखाना है."

"तो इनका कमरा कौन सा?"

चार वर्षांत हेमचंद्रने ते कधी विचारलंच नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी पुतण्याने अंगणामागची एक खोली उघडून दिली. लोखंडी खाट, घडी घातलेलं पांघरूण, दोरीवर राहून गेलेली लुंगी. वर वीतभर झरोका, तोही पश्चिमेला. सकाळी आत हात दिसेना. हेमचंद्र उंबऱ्यावर बसून राहिला. नमाजाची वेळ झाली, गल्ली रिकामी झाली, पुन्हा थोडी गजबजली. डब्यातली पोळी त्याने तिथेच खाल्ली. इतका वेळ त्या गावात तो कधी थांबला नव्हता.

साडेचारच्या पुढे झरोक्यातून उन्हाची एक पट्टी आली. आधी भिंतीवर, मग उशीवर. लुंगीचा निळा रंग उजळला. पाच मिनिटांत पट्टी गेली, पण तेवढ्यात फोटो मिळाला.

रात्री शरफुन्निसाचा आवाजी निरोप आला. "उनको दिखाई, साब. बहुत देर तक देखते रहे." मग ती म्हणाली, "उजाला आता था ना वहाँ. मेरे कू फिकर थी, अँधेरे में रहते होंगे बोलके."

हेमचंद्रने तो निरोप दोनदा ऐकला. 'हां, बहुत उजाला आता था,' एवढंच त्याने लिहून पाठवलं.