चूक कबूल करण्याची रंगीत तालीम

झूराकान एजे राजधानी बिश्केकहून शिक्षकांचं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि आमचे हाल सुरू झाले. तोवर त्या आमच्या शाळेत नुसता भूगोल शिकवायच्या. आता शिक्षकांनाच शिकवू लागल्या. येताना रंगीत कागद, चिकटपट्ट्या आणि एक घंटी आणली होती. आम्ही आपापसात बोललो की ती घंटी वाजायची. आम्ही काय मेंढरं आहोत? पण एजे म्हणजे थोरली बहीण, आणि थोरल्या बहिणीला उलट बोलायची आमच्या अत-बाशी गावात रीत नाही. मी जीवशास्त्र शिकवते, पण त्या हिवाळ्यात मी कागदाची जेवढी फुलं कापली तेवढी खरी जन्मात पाहिली नाहीत.

एजेंना तालुक्याची प्रशिक्षक व्हायचं होतं. नवरा गेल्यापासून त्यांनी दुसरं काही मनात धरलंच नव्हतं. सुनेशी पटत नव्हतं, घरात कुणी विचारत नव्हतं. निदान तालुक्याने तरी विचारावं! शेवटी मार्चच्या सुट्टीत वरच्या कार्यालयातून एक परीक्षक बाई येणार असं ठरलं. त्या एजेंची कार्यशाळा बघणार आणि तिथेच निवड करणार. विषय एजेंनीच ठरवला : शिक्षकाने आपली चूक कबूल करावी.

आता पाहुण्यांपुढे तास घ्यायचा तर तो आदल्या दिवशी मुलांकडून घोटून घ्यायचा, याचं आम्हाला बाळकडूच आहे. हात कुणी वर करायचा, अडखळायचं कुणी, सगळं ठरलेलं असतं. एजेंनी आमचंही तेच केलं. कुणीतरी उठून मनापासून चूक कबूल करायला हवी होती. आधी मला विचारलं. मी म्हटलं, मला ते नवऱ्यापुढे जमत नाही, परीक्षकापुढे काय कपाळ जमणार!

मग गणिताचे ओरोझाली आगाय, म्हणजे ओरोझाली सर, पुढे आले. गावातल्या प्रत्येक लग्नात बोलायला हेच उभे राहतात आणि नवरीच्या आईच्या आधी हेच रडतात. आवाज तयार होता, फक्त स्वतःची एकही चूक त्यांना आठवेना. बिचारे प्रामाणिकपणे आठवत होते.

तेव्हा एजेंनीच त्यांना एक चूक दिली. वर्गात एका मुलाने सांगितलं होतं की पुस्तकात चुकीचं छापलंय. शिकवणाऱ्या बाईंनी त्याला उद्धट म्हणून थंडीत बाहेर उभं केलं. मुलगा बरोबर होता. पण तो परत शाळेत आलाच नाही, मेंढ्यांमागे गेला. हे सांगताना एजे आमच्याकडे न बघता शेगडीत कोळसा सारत बसल्या होत्या. मूळ भांडण नकाशावरून झालं होतं, आगायांसाठी तिथे गणित घातलं.

आगाय बाहेर गेल्यावर मी विचारलं, "एजे, हे तुमचंच ना? मग तुम्हीच सांगा की."

"वेडी आहेस का? शिकवणारीच चुका सांगायला लागली तर तिला कोण विचारील?" असं म्हणून त्यांनी मला पुन्हा फुलं कापायला बसवलं.

कार्यशाळेच्या दिवशी आगाय उठले. मुलगा बाहेर उभा आहे इथपर्यंत आले आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. परीक्षक बाईंनी पदर नव्हता म्हणून रुमाल डोळ्यांना लावला. सगळं ठाऊक असून माझेही डोळे भरून आले, मेले! एजे भिंतीपाशी उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ प्रत्येक शब्दाबरोबर हलत होते.

नंतर जेवायला बसलो. एजेंनी स्वतःच्या कळपातलं मेंढरू कापलं होतं. जेवताजेवता चहा फिरत असताना परीक्षक बाई म्हणाल्या की कार्यशाळा छानच झाली, पण अशा त्या सगळीकडे बघतात. इतका सच्चा माणूस मात्र कुठे बघितला नव्हता, तेव्हा तालुक्याचे प्रशिक्षक आगायच होणार. मग त्या एजेंकडे वळल्या.

"एवढी वर्षं बरोबर काम करता. यांच्या मनात हे आहे, तुम्हाला माहीत होतं का हो?"

आम्ही चावायचे थांबलो. एजेंनी तोंड उघडलं असतं तर आगायांचा फुगा तिथेच फुटला असता. पण मग तालीमही उघडी पडली असती, आणि त्या मुलाला बाहेर कुणी उभं केलं होतं हेही सांगावं लागलं असतं. आगाय ताटलीत बघत होते. मला वाटलं, आता ते बोलतील, निदान आता तरी.

"नाही," एजे म्हणाल्या. "मीही आजच ऐकलं."

आणि मानाचं हाड यजमानणीने वाढायचं असतं म्हणून त्यांनी ते आपल्या हाताने आगायांपुढे ठेवलं.

आगायांनी हाड उचललं. तोंड पुसलं. मग परीक्षक बाईंना म्हणाले, "मला ते तक्ते वगैरे काही येत नाही बघा. एजेंना बरोबर नेलं तर चालेल ना? अक्षर चांगलं आहे त्यांचं."

एजे हो म्हणाल्या.