माजिवड्याच्या जादूघरात

"मी फक्त सोबत येतोय, जादू बघायला नाही," असं बाबांनी कोपरच्या आमच्या जिन्यातच जाहीर केलेलं. मोहन्याच्या कारखान्यात नोकरीला असताना कॉलनीच्या गणपतीत दरवर्षी जादूचे प्रयोग करणारा हा माणूस. दोन वर्षांपूर्वी कंपवाताने उजवा हात थरथरायला लागला आणि त्यांनी पत्ते, रुमाल, टोपी सगळं वाटून टाकलं. माजिवड्यात फक्त निमंत्रितांसाठी जादूचे प्रयोग होतात, जेमतेम तीस खुर्च्या असतात, हे आईने शोधून काढलं. माझ्याकडून अर्ज भरून घेतला. दीड महिन्याने आमचा नंबर लागला.

मोठागावच्या पुलावर गाडी चढली तेव्हा खाडीला ओहोटी लागली होती. तिवरांची (खारफुटीची) मुळं चिखलातून वर आलेली, त्यात बगळे. आई काच खाली करून बघत राहिली. बाबा मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

पत्ता सापडला, पण दार सापडेना. दुसऱ्या मजल्यावर दिसेल ते दार ढकललं, तर आत दाताचा दवाखाना.

"अपॉइंटमेंट आहे?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"आम्ही जादूला आलोय," आई म्हणाली.

"मग शेजारी. पुस्तकांचं कपाट ढकला," त्या न हसता म्हणाल्या. रोज कुणीतरी चुकत असणार.

कपाटामागे खरंच दार होतं. आत गेल्यावर मोबाइल कापडी पिशवीत बंद झाले, हातात सोलकढीचे इवलेसे ग्लास आले. "हे प्यायचं की डोळ्यांत घालायचं?" बाबा पुटपुटले. मला बरं वाटलं; चिडचिड करत होते म्हणजे रमत होते.

जादूगार तिशीतली मुलगी होती, साधा काळा कुर्ता, बोलणं घरगुती. टेबल आमच्यापासून हातभर अंतरावर. तिने एका काकूंची अंगठी अक्रोडातून काढली तेव्हा बाबा पुढे झुकून फक्त तिची बोटं बघत होते.

मग ती थेट त्यांच्यासमोर आली. "काका, तुम्हीपण प्रयोग करायचात ना? अर्जात वाचलं. एक नाणं गायब करून दाखवा ना आम्हाला."

मी आईकडे रागाने पाहिलं. ते वाक्य मी लिहिलं नव्हतं, तिने मागून घातलं होतं.

बाबा उभे राहिले. नाणं उजव्या हातात घेतलं. हात थरथरला, नाणं खाली पडून घरंगळत गेलं. बाबांची मान खाली गेली.

आई उठली. वाकून नाणं उचललं, पदर खोचला. "अहो, इकडे बघा," म्हणत मूठ मिटली, फुंकर मारली, उघडली. रिकामी! मग तिने बाबांच्या कानामागून नाणं काढलं.

आजूबाजूची सगळी माणसं टाळ्या वाजवू लागली. जादूगार मुलीने कमरेत वाकून नमस्कार केला. बाबा मात्र टाळ्या वाजवायचं विसरून आईकडे बघत राहिले.

परतीच्या वाटेवर गाडी माणकोलीला आली.

"कधी शिकलीस?" बाबांनी शेवटी विचारलं.

"तुम्ही आरशासमोर सराव करायचात. मागे मी भाकऱ्या थापत असायचे. आरशात सगळं दिसायचं."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

एवढ्याशा प्रवासाबद्दल लिहायचं कारण हेच. वीस-बावीस वर्षं बाबा लोकांना चकित करत आले, आणि त्यांना चकित करू शकणारं माणूस त्यांच्या पाठीशीच उभं होतं. मलाही ते कधी दिसलं नाही.

घरी पोचल्यावर बाबांनी चपला काढल्या, जेवणाच्या टेबलाशी बसले आणि समोरची खुर्ची आईसाठी ओढली.

"सावकाश करून दाखव," ते म्हणाले आणि डावा हात पुढे केला. "बघू, याला जमतंय का."