फोनवरून धाडलेलं मूळ

मी देवाचं सगळं करते, पण भुताखेताचं काही मानत नाही. आमच्या वस्तीच्या वाटेवर एक चिंच आहे. तिच्याखालून लोक दिवसाउजेडीसुद्धा पाय उचलून जातात. मी त्याच चिंचेखाली बसून पोतंभर चिंचा फोडल्यात, मला कुणी काही विचारलं नाही. तुमच्या अंकात असले अनुभव येतात ते मी दुपारी आडवी होऊन ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची आणि दोघं हसायचो. आता माझ्यावरच लिहायची वेळ आली. शिक्षण माझं सातवी, चुकलंमाकलं सांभाळून घ्या... आणि हसायचं असेल तर शेवटी हसा.

संगमनेरला नाशिक-पुणे रस्त्यावरून आत वळलं की उसाच्या आणि डाळिंबाच्या मधे आमची वस्ती. घरात मी, हे आणि गायी. एकुलती एक लेक वैशाली. जावई सचिनराव कंपनीत आहेत, त्यांना दीड वर्षासाठी आयर्लंडला पाठवलं. इंग्लंडच्या शेजारचं बेट आहे ते, मलाही तेव्हाच कळलं. वैशू सोबत गेली आणि तिकडेच तिला दिवस राहिले. आधीचं एक राहिलं नव्हतं, म्हणून डॉक्टरनं विमान नको म्हणून सांगितलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. लेकीला माहेरी येता येत नाही तर माहेरानं तिकडं जायचं — मी पासपोर्टच्या मागे लागले.

अडलं ते घरापाशी. दोघं राहत होती एका खोलीत, आणि घरमालकाची अट अशी की पाहुणा ठेवायचा नाही. मी विचारलं, "आई म्हंजी पाव्हणा का?" तर म्हणे कागदावर तसंच आहे. मग दुसरं घर शोधणं सुरू झालं. आपल्याकडं पोरीला स्थळं बघतात ना, अगदी तसं. फोटो पाठवा, पगाराचा कागद पाठवा, ओळखीचं कोण ते सांगा, आणि शेवटी नकार. जे परवडायचं त्याला दारं-खिडक्या धड नसायच्या, जे बरं असायचं त्याच्या भाड्याचा आकडा ऐकून हे म्हणायचे, "तेवढ्यात हितं बांधून हुईल की."

शेवटी एक मिळालं. शहरापासून तासाभराच्या अंतरावर, छोट्या गावात, जुनं पण नीटनेटकं, भांड्याकुंड्यासकट. भाडं इतकं कमी की सचिनरावांनी दोनदा विचारून घेतलं. बरेच दिवस रिकामं होतं म्हणून कमी, एजंट म्हणाला.

वैशू बघायला गेली आणि तिथूनच मला व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडं रेंज फक्त पडवीत, दुधाच्या कॅनशेजारी. भर दुपारचं ऊन होतं इकडं, तिकडं सकाळ. तिनं खोल्या दाखवल्या. "ही तुझी खोली आई, खिडकीतनं मेंढरं दिसतात बघ." मग स्वयंपाकघर. खिडकीपाशी एक म्हातारी बाई बसलेली. डोक्याला रुमाल बांधलेला, अंगावर राखाडी स्वेटर, पुढं निळ्या चौकड्याचा एप्रन. माझ्याकडंच बघत होती.

मला वाटलं, घरमालकीण. आता आपल्या बायकांची एक रीत असते. लेक परक्या घरात ठेवायची तर त्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईला चार शब्द बोलायचे. तिला मराठी कळणार नाही हे मलाही कळत होतं, पण तोंड उघडल्यावर दुसरं काय येणार? मी नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, लेक माझी पहिलटकरीण हाय. तुमच्या पदरात घातली बघा. मी येईपर्यंत संभाळा." आणि फोनपुढं आपला पदर पसरला.

त्या बाईनं एप्रनची दोन टोकं हातात धरली... आणि सावकाश पसरली. झोळीसारखी.

"आई, कुणाशी बोलतीयेस?" वैशूचा आवाज आला आणि फोन कट झाला.

संध्याकाळी मी म्हणाले, घरमालकीण बरी वाटली. वैशू हसायला लागली. "मालक दुसऱ्या देशात असतात आई. घरात मी आणि एजंट, तिसरं कुणीच नव्हतं." मी ह्यांना सांगितलं, फोनमधे एक बाई दिसली. एवढंच सांगितलं, एप्रनचं काही बोलले नाही. हे म्हणाले, "चष्म्याचा नंबर काढून घे. परवा गाईला म्हैस म्हनत होतीस." मीही मग तेच धरून चालले.

ती दोघं राहायला गेली. पहिले दिवस तर इतके चांगले गेले की काय सांगू. वैशूच्या उलट्या थांबल्या. झोप लागायला लागली. "पांघरूण सरकलं ना आई, तरी सकाळी नीट अंगावर असतं," म्हणाली. मी म्हटलं, सचिनराव घालत असतील. चांगला आहे माझा जावई.

मग एकदा बोलताना ती मागं वळली आणि मला तिची वेणी दिसली. घट्ट, मागे आडवी गुंडाळलेली. वैशूला स्वतःची वेणी कधी घालता आली नाही. लग्नाच्या दिवशीपर्यंत मी घातलीय.

"वेणी कुणी घातली गं?"

तिनं मागं हात लावून पाहिला. बराच वेळ हात तिथंच होता. "तूच ना?" म्हणाली.

मी पडवीत बसले होते. हे गाईला पेंड घालत होते. मी म्हणाले, "व्हय, मीच." का म्हणाले कोण जाणे. तिला घाबरवायचं नव्हतं.

त्यानंतर ती बदलत गेली. बाहेर पडेना. सचिनराव सकाळी बसनं शहरात जायचे ते अंधार पडता यायचे, दिवसभर ती एकटी. तपासणीच्या दिवशी दाराची किल्ली सापडायची नाही. दोघं घर पालथं घालायची, वेळ निघून जायची, आणि मग किल्ली पावाच्या डब्यात. एकदा झालं तर माणूस विसरतं म्हणू. हे दर वेळी व्हायला लागलं. सचिनरावांनी किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली, तर त्या दिवशी दारच फुगून बसलं.

आणि एक दिवस वैशू मला म्हणाली, "आई, तू कशाला येतीस एवढ्या लांब? इथं माझं सगळं होतंय."

"कोन करतंय?"

"होतंय की." आवाज तिचाच, पण सासरी पुष्कळ वर्षं नांदलेली बाई बोलते ना, तसा. माझा व्हिसा आला होता, तिकीट काढलेलं होतं. माझी लेक मला येऊ नको म्हणत होती... आणि तिच्या खांद्यामागं, खिडकीपाशी, निळ्या चौकड्याचं काहीतरी हलत होतं.

मी ह्यांना हाक मारली. हे येईपर्यंत तिनं फोन ठेवला.

दोन दिवसांनी सचिनरावांचा फोन. रडवेला आवाज. "आई, घरी नर्स येऊन गेली. बीपी खूप वाढलंय. डॉक्टर म्हणतात आजच्या आज शहरात ॲडमिट करा, नाहीतर दोघांच्याही जिवाला धोका आहे. ही स्वयंपाकघरातून उठतच नाही. म्हणते, विचारल्याशिवाय कशी येऊ? कुणाला विचारायचं आई? मी ॲम्ब्युलन्सला फोन केलाय, पण ही दोन्ही हातांनी टेबल धरून बसलीय."

विचारल्याशिवाय कशी येऊ. हे वाक्य ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी काय करून बसले होते? लेक दुसऱ्या बाईच्या पदरात घातली होती. रीतसर. आणि पदरात घातलेली लेक अशी उठून येत नसते, तिला आणायला मूळ जावं लागतं. नव्या पोरींना माहीत नसेल म्हणून सांगते — सणाला, बाळंतपणाला सासरहून लेकीला न्यायला माहेरचं माणूस जातं, त्याला मूळ म्हणायचं. तो जाऊन विचारतो, सासू हो म्हणते, मग लेक उंबरा ओलांडते.

मी सगळं ह्यांना सांगितलं. पदराचं, वेणीचं, सगळं. घाईत एप्रनचं तेवढं तोंडात आलं नाही. वाटलं, आता चष्म्यावरून बोलतील. ह्यांनी हातपाय धुतले, खुंटीवरची टोपी घेतली, धुतलेला सदरा घातला.

"कुठं निघालात?"

"मूळ बापानं जायचं आस्तं. फोन दे हिकडं."

मी सचिनरावांना व्हिडिओ कॉल लावून म्हटलं, फोन स्वयंपाकघरात टेबलावर टेकवून ठेवा आणि दारात उभे राहा. काही विचारू नका. त्यांनी तसं केलं. पडद्यावर वैशू दिसत होती, खाली मान, टेबल धरलेले हात पांढरे पडलेले. तिच्या पलीकडं खिडकी. मला खिडकीत कुणी दिसत नव्हतं, खरं ते सांगते.

हे खाटेवर ताठ बसले, पाहुणे म्हणून बसतात तसे. हात जोडले.

"रामराम बाई. मी वैशालीचा बाप. लेकीचं लई केलंत तुमी, उपकार हायेत. आता दिवस भरत आले, पयलं बाळंतपन माहेरी करायची आमच्यात रीत हाय. लेकीला न्यायला आलोय. लावून द्या."

काही नाही. तिकडं भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक इथं ऐकू येत होती. सचिनरावांचा श्वास ऐकू येत होता.

हे थोडे पुढं वाकले. आवाज खाली आणला, अडून बसलेल्या विहीणबाईला समजावतात तसा. "काळजी करू नका. कायमची थोडीच नेतोय? बाळंतपन झालं की लेकराला घेऊन आनून घालतो. शब्द हाय माझा."

वैशूनं मान वर केली. खिडकीकडं पाहिलं. मग टेबलावरचे हात सुटले, ती उठली, आणि सासूपुढं वाकतात तशी वाकून नमस्कार करून दाराकडं चालायला लागली. "आप्पा आलेत ना?" एवढंच बोलली. सचिनराव म्हणतात, दार हात लावताच उघडलं. ॲम्ब्युलन्स तेवढ्यात पोचलीच होती.

फोन बंद झाल्यावर ह्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाले, "उभीच हुती गं बिचारी. एप्रन धरून. बसा म्हनायला पायजे हुतं."

एप्रनचं मी ह्यांना कधीच सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी कितीदा विचारलं, हे विषय बदलतात.

मुलगी झाली. वेळेआधी झाली, पण सुखरूप. मी पोचले तेव्हा ती दोघं बाळाला घेऊन हॉस्पिटलजवळ सचिनरावांच्या सोबत काम करणाऱ्याच्या घरी होती, तिथंच मी बाळंतपण केलं. त्या घरातलं सामान सचिनराव आणि त्यांचा मित्र जाऊन घेऊन आले, मला काही तिकडं जावं लागलं नाही. वैशूला शेवटचे काही आठवडे नीट आठवत नाहीत. डॉक्टर म्हणाले, बीपीनं होतं असं, भ्रम होतो. असेल. मी डॉक्टरच्या पुढं जाणारी कोण? पण बीपी लेकीला होतं, बाई मला दिसली होती. आणि ह्यांनाही.

पुढचं सांगितल्याशिवाय मात्र राहवत नाही. वैशू ज्या कोटात दवाखान्यात आली तो मी झटकायला घेतला, तर खिशात गाठोडं. निळ्या चौकड्याचं फडकं, आत मूठभर धान्य. ओट म्हणतात तिकडं, पण दुकानातलं चपटं नव्हे, टरफलासकट, शेतातून आल्यासारखं. मधे एक लाल सफरचंद. सचिनराव म्हणाले, आम्ही असलं काही आणलंच नाही. वैशूला काही आठवेना.

मला मात्र बघताक्षणी कळलं. लेक माहेरी निघाली की सासू ओटी भरते. धान्य आणि फळ. त्या परमुलखातल्या बाईला हे कुणी सांगितलं, मला माहीत नाही. सफरचंद वैशूला खायला द्यायचा धीर झाला नाही. ते धान्य मी इकडं घेऊन आले, फडक्यासकट देवळीत ठेवलंय. हे म्हणतात पेरू, मी म्हणते नदीला सोडू. दोन्ही होत नाही.

कारण ओटी भरून धाडलेली सून परत येणार असते, म्हणून तर भरतात. आणि ह्यांनी शब्द दिलाय.

कालच वैशूचा फोन आला होता. कंपनी अजून एक वर्ष थांबा म्हणतीये, पुन्हा घर शोधताहेत, काही परवडत नाही. नात मांडीवर होती, हातपाय झाडत होती. वैशू तिला थोपटत म्हणाली, "आई, ते आपलं जुनं घर अजून रिकामंच आहे बघ. भाडं आणखी कमी केलंय त्यांनी."

हे पडवीतच होते. ऐकलं त्यांनी. उठून खुंटीवरची टोपी घेतली आणि हातात धरून बसून राहिले.

काय म्हणायचं याला, तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर मला कळवा. मला अजून उमगलेलं नाही.